घर भाड्याने देताना: मालकाने घ्यायची खबरदारी आणि ठेवायच्या नोंदी

महाराष्ट्रातील शहरांत आज बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त राहण्याची परवानगी देणाऱ्या) कराराने दिली जातात आणि एकदा हा करार झाला की आपली जबाबदारी करारातल्या अटींपुरतीच उरते, असे अनेक घरमालक धरून चालतात. प्रत्यक्षात ‘लायसन्स’ म्हणजे काय हे ज्या कायद्यात सांगितलेले आहे, त्या १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमातच मालकावर दोन कर्तव्ये टाकलेली आहेत. कलम ५७ नुसार, राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका पोहोचवू शकेल असा जागेतला एखादा दोष मालकाला माहीत असेल आणि राहायला येणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. आणि कलम ५८ नुसार, ती जागा राहणाऱ्यासाठी धोकादायक होईल असे काहीही मालकाने करता कामा नये. ही दोन्ही कलमे करारात कोणी लिहीत नाही आणि एजंटही त्यांचा उल्लेख करत नाहीत.

उद्या घरात काही अघटित घडले, तर मालकाला पहिल्यांदा विचारले जाते की हा दोष तुम्हाला माहीत होता का, आणि त्यानंतर लगेच विचारले जाते की माहीत झाल्यावर तुम्ही काय केले. या दोन्ही प्रश्नांची तोंडी उत्तरे कोणी ग्राह्य धरत नाही. म्हणून पुढे जिथे जिथे एखादी तपासणी सुचवली आहे, तिथे त्या तपासणीचा कागद कोणता आणि तो कोठे ठेवायचा, हेही सोबतच सांगितले आहे. हे मार्गदर्शन एक-दोन सदनिका भाड्याने देणाऱ्या सामान्य मालकासाठी आहे. पागडीच्या जुन्या चाळींचा प्रश्न निराळा असल्याने तो येथे घेतलेला नाही.

किल्ली देण्यापूर्वी: वीज

सुरुवात विजेपासून करावी, कारण भाड्याच्या घरात सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होते. परवानाधारक वायरमनला बोलावून संपूर्ण घराची तपासणी करून घ्यावी आणि त्याच्या बिलावर ‘अमुक दिनांकास तपासणी केली, अर्थिंग ठीक आहे’ असे त्याच्या परवाना क्रमांकासह लिहून घ्यावे. काही वायरमन असे लिहून द्यायला नाखूश असतात. त्या वेळी दुसरा वायरमन पाहावा, कारण जो आपल्या कामाखाली सही करत नाही, त्याच्या कामावर दुसऱ्याच्या कुटुंबाचा भरवसा टाकणे योग्य नाही.

तपासणीत पहिली गोष्ट पाहायची ती आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण. घरात एमसीबी बसवलेल्या असतात, त्यामुळे सगळे सुरक्षित आहे असा एक सर्वसाधारण समज असतो. परंतु एमसीबी ही तारांवर जास्त भार आल्यास किंवा शॉर्टसर्किट झाल्यास वीज तोडते, माणसाला बसणारा झटका तिला ओळखता येत नाही, कारण तो झटका जीवघेणा असला तरी विजेचा तो प्रवाह एमसीबीच्या दृष्टीने अगदी किरकोळ असतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र तेवढी गळती होताच क्षणार्धात पुरवठा बंद करते. तिच्यावर चाचणीचे एक बटण असते. ते दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर ती आरसीसीबी भिंतीवरची नुसती शोभा आहे असे समजून त्याच दिवशी बदलावी. हे बटण भाडेकरूला दाखवून महिन्यातून एकदा दाबायला सांगावे.

दुसरी गोष्ट गिझरची. तीन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर वीज घेतो, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, योग्य जाडीची तार आणि स्वतंत्र एमसीबी लागते. ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडपिन लावून चालवलेला गिझर आज ना उद्या सॉकेट जाळतोच. माझ्या स्वतःच्या सदनिकेत एकदा भाडेकरूंनी फोन करून सांगितले की, आंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. पावसाळ्याचे दिवस होते, भिंती ओल्या होत्या, आणि मी दोन दिवस ती तक्रार मनावर घेतली नाही. तिसऱ्या दिवशी वायरमनने सॉकेट उघडला, तेव्हा गिझर बदलताना अर्थिंगची तार जोडायचीच राहून गेल्याचे दिसले. कोणाला काही झाले नाही, परंतु तेव्हापासून ‘झिणझिण्या’ हा शब्द कानावर आला की मी मेन स्विच बंद करायला सांगतो आणि त्याच दिवशी वायरमन पाठवतो.

गॅस

भाड्याच्या घरात गॅसची जोडणी मालकाची आहे की भाडेकरूची, हे करारात स्पष्ट असावे, कारण त्यावरून नळी आणि रेग्युलेटर बदलण्याची जबाबदारी ठरते. सिलिंडरला लावलेली नारिंगी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलावी लागते. वितरकाच्या माणसाकडून होणारी सक्तीची तपासणीही पाच वर्षांतून एकदा असते. तिची पावती फाइलला लावावी. सिलिंडर नेहमी उभा असावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर असावी. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे ओट्याखालच्या कप्प्याच्या दारांना खालच्या बाजूस जाळी किंवा फट हवी. पाइपलाइनने येणारा गॅस याच्या उलट हवेपेक्षा हलका असतो आणि वर चढतो, म्हणून तिथे वरचा झरोका बुजवलेला नसावा. स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना सुतार सगळे बंदिस्त करून टाकतात, आणि हे झरोके नेमके त्याच वेळी बुजतात. सिलिंडरच्या गॅसगळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक ओट्याजवळ चिकटवून ठेवावा.

गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल, तर घर देण्यापूर्वी तो तिथून काढावा. याबाबत मी कोणतीही सवलत देत नाही. बंद न्हाणीघरात गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि आंघोळ करणाऱ्या माणसाला आपण बेशुद्ध होत आहोत हे कळेपर्यंत कडी काढण्याइतके त्राण उरत नाही. गॅस गिझर ठेवायचाच असेल, तर तो न्हाणीघराबाहेर, खेळत्या हवेच्या जागी बसवावा, धूर बाहेर जाण्याची सोय करावी आणि बसवणाऱ्याचे बिल जपून ठेवावे.

छत, भिंती, कठडे आणि ग्रिल

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतल्या इमारतींत छताचा गिलावा पडणे ही नेहमीची गोष्ट आहे. पाणी आणि खारी हवा आत शिरली की सळ्या गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. सळईच्या रेषेत सरळ जाणारी चीर, तांबूस डाग आणि लाकडी दांड्याने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज ही त्याची लक्षणे आहेत. यावर रंगाचा हात मारून घर दाखवणे हे कलम ५७ मधील कर्तव्याच्या थेट विरुद्ध आहे, कारण रंग देणाऱ्याला दोष माहीत होता हे त्या रंगावरूनच सिद्ध होते. गळती वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून आहे, की गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपमधून, हे आधी ठरवावे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामायिक नळांची दुरुस्ती सोसायटीकडे येते, आणि त्यासाठी सोसायटीला दिलेल्या पत्राची पोच घेतलेली प्रत मालकाकडे असावी.

त्याच उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. मालकाने त्या अहवालाची प्रत मागून घ्यावी. तसेच महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, त्यांच्या अग्निशमन यंत्रणेचे ‘बी’ नमुन्यातील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करायचे असते. सोसायटीच्या सचिवांना हे प्रमाणपत्र विचारले की बरेचदा फक्त ‘होईल, होईल’ असे उत्तर मिळते. तेव्हा तोंडी न विचारता लेखी विचारावे.

खिडक्यांच्या लोखंडी ग्रिलबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. चोरीच्या भीतीने आपण सगळ्या खिडक्या आणि बाल्कनी बंद करून घेतो, पुढे काढलेल्या पेटीत कुंड्या आणि अडगळ भरतो, आणि आग लागून दाराकडची वाट बंद झाली तर अग्निशमन दलाने माणसे कोठून काढायची याचा विचार करत नाही. निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारा झडप-दरवाजा असावा आणि त्याच्या कुलपाची किल्ली मोठ्या माणसाच्या हाताला लागेल पण लहान मुलाच्या हाती येणार नाही अशी जवळच टांगलेली असावी. बाल्कनीच्या कठड्याला आडव्या पट्ट्या असतील, तर त्या लहान मुलासाठी शिडी ठरतात. कुटुंबात लहान मूल असल्यास तिथे उभी जाळी लावून द्यावी.

पाण्याच्या बाबतीत घरातली टाकी झाकणाची असावी आणि ताबा देण्यापूर्वी धुतलेली असावी, एवढे पुरे.

करार, नोंदणी आणि पोलीस पडताळणी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी करणे सक्तीचे आहे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही’ ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली आहे, ज्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे मुदत कितीही असली तरी नोंदणी करावीच लागते. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेऊ शकत नाही. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, परंतु मालकाच्या दृष्टीने खरी अडचण पुढे आहे: लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या मानल्या जातात.

मुद्रांक शुल्क फार नसते. ६० महिन्यांपर्यंतच्या करारावर एकूण भाडे, परत न करायची अनामत आणि परत करायच्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. दरमहा २०,००० रुपये भाडे, दोन लाख रुपये अनामत आणि २४ महिन्यांची मुदत असेल, तर भाड्याचे ४,८०,००० आणि व्याजाचे ४०,००० मिळून ५,२०,००० रुपये होतात आणि त्यावर १,३०० रुपये शुल्क येते. नोंदणी फी महापालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. आता नोंदणी ऑनलाइन होते आणि अंगठ्याचे ठसे घरी येऊनही घेतले जातात, त्यामुळे कार्यालयात खेपा पडतात ही सबब उरलेली नाही. नोंदणी झालेला दस्त आणि सूची-२ (नोंदणीचा सारांश, ‘इंडेक्स टू’) यांची संगणकीय प्रत दोन ठिकाणी साठवून ठेवावी.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याबाबत मुंबईसह अनेक शहरांत पोलीस आयुक्तांचे आदेश वेळोवेळी निघतात आणि ते मोडणे हा गुन्हा ठरतो. माहिती ऑनलाइन भरता येते. भरल्यावर मिळणारी पोच करारासोबत लावावी. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ठरलेल्या नमुन्यात (‘फॉर्म सी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) कळवणे मालकाचे काम आहे आणि यात एक दिवसाचाही उशीर चालत नाही. करार व पडताळणीची एकेक प्रत सोसायटीला द्यावी. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) म्हणून सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम आकारू शकत नाही. शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश त्यासाठी आहे, आणि जास्त आकारणी होत असल्यास त्याचा हवाला देऊन लेखी हरकत घ्यावी.

ताबा देण्याचा दिवस

ताबा देताना दोघांनी मिळून घरभर फिरावे आणि वस्तूंची यादी करावी. ‘पंखे ४’ असे लिहिणे पुरेसे नसते. ‘हॉलमधील पंखा, चालू, रेग्युलेटरचा तिसरा टप्पा चालत नाही’ असे लिहिले, तर दोन वर्षांनी त्या रेग्युलेटरवरून शब्द वाढत नाही. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, न्हाणीघराच्या फरशा, ओट्याखालची जागा आणि दारे-खिडक्या यांची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी भाडेकरूला ईमेलने पाठवावीत. मोबाइलमध्ये पडून राहिलेल्या छायाचित्राच्या तारखेवर वाद घालता येतो. ईमेलची तारीख दोघांकडे सारखीच असते. वीजमीटर आणि गॅसमीटरचे वाचन, किती किल्ल्या दिल्या, आरसीसीबीचे बटण दाखवले, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह दाखवला, ज्ञात दोष सांगितले, हे सर्व एका कागदावर लिहून त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. कलम ५७ मधील कर्तव्य पार पाडल्याचा पुरावा म्हणजे हाच कागद.

मुदतीच्या काळात

तक्रारींसाठी एक साधी वही किंवा संगणकावरचा तक्ता ठेवावा, ज्यात तक्रार कधी आली, काय होती, कोणाला पाठवले, काम कधी झाले आणि खर्च किती आला एवढेच रकाने असावेत. फोनवर आलेल्या तक्रारीनंतर ‘आपण आज सांगितलेली गळती पाहण्यासाठी प्लंबर उद्या सकाळी येईल’ असा एक संदेश पाठवला, की तक्रारीची आणि प्रतिसादाची नोंद एकाच वेळी होते. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसल्यास भाड्याने दिलेली जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही, तर तो ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करून घेऊ शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. लायसन्सच्या करारात किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने आणि मोठी दुरुस्ती मालकाने करावी असे लिहिण्याची पद्धत आहे. ‘किरकोळ’ म्हणजे किती रुपयांपर्यंत, हे तिथेच आकड्यात लिहावे.

घर पाहायला जाण्याचा हक्क मालकाला आहे, परंतु आधी कळवून आणि सोयीच्या वेळी. स्वतःकडची जादा किल्ली वापरून भाडेकरूच्या गैरहजेरीत घरात जाणे, मग ते गळती पाहण्यासाठी का असेना, टाळावे. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे तर कधीच करू नये. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाविना तोडणे हा याच अधिनियमाखाली गुन्हा आहे. मुदत संपूनही लायसन्सधारक घर सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. या मार्गावर नोंदणीकृत करार हा निर्णायक पुरावा मानला जातो.

मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. रक्कम रोख आणि ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लागते. अनामत आणि भाडे बँकेमार्फतच घेणे सर्वांत सोयीचे.

आयकरासाठी भाड्याच्या उत्पन्नातून त्या वर्षी मालकाने प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीवर काहीही खर्च केला नाही तरी ती मिळते आणि कितीही केला तरी ती वाढत नाही, त्यामुळे काही मालक दुरुस्तीची बिले निरुपयोगी समजून फेकून देतात. करासाठी त्यांचा उपयोग नसला, तरी तपासणी वेळेवर झाली हे त्यांच्यावरूनच दाखवता येते. भाडे दरमहा ५०,००० रुपयांहून अधिक असल्यास भाडेकरूने त्यातून टीडीएस (भाडे देतानाच कापायचा आयकर) कापायचा असतो. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला आहे. मालक परदेशात स्थायिक असेल, तर ही ५०,००० ची मर्यादा लागू होत नाही आणि कापणीचे नियमही वेगळे आहेत. अमेरिकेत किंवा आखातात राहून पुण्यातला फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनी हे करारापूर्वीच भाडेकरूला सांगावे, आणि तपासणी, दुरुस्ती व ताबा यांसाठी इथल्या एका नातेवाइकाला नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्यावे.

कागद कोणाच्या हाती

भाडेकरूचे आधार, पॅन, छायाचित्र आणि नोकरीचा पत्ता ही सगळी माहिती मालकाकडे जमा होते, आणि ती एजंटकडे, सोसायटीच्या कार्यालयात, कधी कधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरही फिरताना दिसते. शक्य तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे आधार घ्यावे, प्रतीवर ‘केवळ भाडेकरारासाठी’ असे आडवे लिहावे, आणि काम झाल्यावर मोबाइलमधल्या प्रती काढून टाकाव्यात.

घर परत घेताना पहिल्या दिवशीची यादी आणि छायाचित्रे समोर ठेवून पुन्हा एकदा घरभर फिरावे आणि त्याच कोनांतून नवी छायाचित्रे काढावीत. रंग फिका पडणे किंवा नळाचा वॉशर झिजणे ही वापराची नैसर्गिक झीज आहे. फुटलेले बेसिन किंवा विचारल्यावाचून भिंतीत पाडलेली भोके ही नुकसानभरपाईची बाब आहे. अनामतीतून काही कापायचे असेल, तर प्रत्येक रकमेला बिल जोडून हिशेबाचा कागद द्यावा आणि उरलेली रक्कम किल्ल्या घेतानाच बँकेतून वळती करावी. थकलेल्या भाड्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. तरी करारनामा, ताबापत्र, तपासणीची बिले, तक्रारवही आणि अनामतीचा हिशेब ही फाइल मी आठ वर्षे ठेवतो, आणि पुढच्या भाडेकरूसाठी नवी फाइल उघडताना जुन्या फाइलमधली ज्ञात दोषांची यादी सर्वांत आधी वाचतो.